हक्काचं एक माणूस

आंबिवली किंवा कल्याण स्थानकात एकटं मूल सापडलं, की रेल्वे पोलीस किंवा १०९८ या हेल्पलाइनमार्फत चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. पालकांचा ठावठिकाणा लागला नाही, तर त्याची रवानगी बालगृहात होते. तिथे दोन वेळचं जेवण, शाळा आणि डोक्यावर छप्पर मिळतं. याचं मोल मोठं आहे, पण तान्ह्या जिवाचं तेवढ्यावर भागत नाही.

संस्थेत मुलांचं करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. सकाळी एक मावशी दूध पाजते, रात्रपाळीला दुसरी येते, काही महिन्यांनी तिसरीच रुजू होते. रडल्यावर तेच माणूस धावून येतं, हे पुन्हा पुन्हा अनुभवलं की बाळाचा जगावर विश्वास बसतो. पाळण्यांच्या रांगेत हा अनुभव दुर्मीळ. मग काही बाळं रडणंच सोडतात आणि पाहुण्यांना ती शहाणी वाटतात. जरा मोठी झालेली पोरं अनोळखी माणसाच्याही कमरेला मिठी मारतात. आपण त्यांना लाघवी म्हणतो. कुणी एक माणूस कायमचं आपलं नसलं, की मूल असं वागतं.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हा धोका मांडला होता. पुढे रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये त्याचा कस लागला. अनाथालयांतल्या ६ ते ३१ महिने वयाच्या १३६ मुलांपैकी निम्मी मुलं, कुठलीही निवड न करता, पालक-कुटुंबांत पाठवली गेली. साडेतीन वर्षांच्या वयात त्यांच्यातल्या सुमारे ४९ टक्के मुलांचं सांभाळणाऱ्याशी निर्धास्त नातं जुळलेलं दिसलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ टक्के होतं, तर आईबापांजवळ वाढलेल्या मुलांत ६५. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं अधिक सावरली. झालेली हानी भरून निघते, पण त्यासाठी उशीर परवडत नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाईंच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी पुढे दत्तक घेतलं. तो डॉक्टर झाला. संस्था चालवणाऱ्या या दांपत्याने त्या मुलाला घर दिलं, हे विसरता कामा नये.

२०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेला शेवटचा उपाय मानतो. बालगृहातली सगळीच मुलं अनाथ नसतात. बापाचं आजारपण, आईचं वैधव्य, तुटलेली रोजीरोटी अशा कारणांनी कित्येक तिथे पोचतात. आंबिवलीजवळ मोहने इथला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा चूल विझणं म्हणजे काय ते या पट्ट्याने पाहिलं. अशा घरांसाठीच राज्याची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाईंचंच नाव असलेल्या या योजनेत २०२३ पासून एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. रक्कम तोकडी आहे, ती वाढलीच पाहिजे. तरीही मूल आईजवळ, आजीजवळ, मामाकडे राहावं म्हणून तिचा आधार होतो.

या दिवाळीत बालगृहात फराळ जरूर न्या. पण तुमच्या चाळीत, गल्लीत एखादी माउली केवळ पैशांअभावी लेकराला संस्थेत ठेवायला निघाली असेल, तर आधी तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात घेऊन जा आणि तिचा अर्ज भरून द्या.