यंत्रांनाही केसपेपर असतो

काळाचौकी, लालबाग, शिवडीच्या माणसाला केईएम, वाडिया किंवा टाटा रुग्णालयाचा रस्ता सांगावा लागत नाही. घरातल्या कुणासाठी तरी ओपीडीच्या रांगेत उभे राहिलेले प्रत्येक चाळीत कुणीतरी असतेच. आणि रुग्णालय कोणतेही असो, सरकारी वा खासगी, मोठे वा छोटे, आयुष्यात एकदा तरी हे वाक्य ऐकावे लागते : ‘मशीन बंद आहे, पुढच्या आठवड्यात या.’

आपण मुकाट्याने परत फिरतो. पण मशीन कधीपासून बंद आहे? शेवटची तपासणी कधी झाली होती? सुटा भाग मागवला आहे का? देखभालीचा करार चालू आहे की संपला? या प्रश्नांची उत्तरे कुठेतरी लिहिलेली असायला हवीत. माणसाचा जसा केसपेपर असतो तसाच यंत्राचाही असतो. आज अनेक संस्था हा केसपेपर जुन्या संगणकातून काढून ‘क्लाउड’वर नेत आहेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यात झालेली चूक थेट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकते.

गिरणीतली शिस्त

यंत्राची नोंद ठेवणे या भागाला नवीन नाही. काळाचौकीच्या ज्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या जागेवर आता वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे, तिथे किंवा आसपासच्या कोणत्याही गिरणीत प्रत्येक साच्याला क्रमांक होता. कोणता साचा वारंवार धागा तोडतो हे जॉबरला आणि फिटरला ठाऊक असे. बॉयलरच्या बाबतीत तर ही शिस्त कायद्यानेच लावली होती. १९२३ च्या बॉयलर कायद्यानुसार प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक मिळे, तो बॉयलरवर कायमचा कोरावा लागे आणि वापराचे प्रमाणपत्र एका वेळी जास्तीत जास्त १२ महिन्यांचे असे. मुदत संपली की पुन्हा तपासणी. कारण साधे होते. बॉयलर फुटला तर माणसे मरतात.

रुग्णालयातले व्हेंटिलेटर, नवजात बाळांचे वॉर्मर, शॉक देण्याचे डिफिब्रिलेटर, औषध थेंबाथेंबाने सोडणारे इन्फ्युजन पंप हेही याच जातीचे. ते बंद पडले तर धोका आहेच, पण चालू असताना चुकीचे चालले तर धोका अधिक. तासाला ५ मिलिलिटर औषध सोडायचा पंप ८ मिलिलिटर सोडू लागला तर बाहेरून काहीच दिसत नाही. ते दिसते फक्त नियमित तपासणीत, म्हणजेच कॅलिब्रेशनमध्ये. आणि तपासणी वेळेवर होते ती नोंद असेल तरच.

या नोंदींची अवस्था काय असते, याची कल्पना राष्ट्रीय आरोग्य अभियानाने आणली. जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हा आधी देशभरातली सरकारी यंत्रे मोजण्यात आली. २९,११५ आरोग्य संस्थांमध्ये ७ लाख ५६ हजार ७५० यंत्रे सापडली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यांपैकी १३ ते ३४ टक्के यंत्रे नादुरुस्त होती. त्यानंतर लक्ष्य ठरले : जिल्हा रुग्णालयातली यंत्रे ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरावर ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के काळ चालू हवीत. लक्षात घ्या, दुरुस्तीच्याही आधी मोजणी करावी लागली.

जुने का बदलायचे?

आपल्याकडच्या सरकारी वा निमसरकारी संस्थेत यंत्राची पहिली नोंद होते ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. यंत्र आले की त्यात चढते आणि निर्लेखन झाले की उतरते. मधल्या दहा-पंधरा वर्षांत त्याचे काय झाले, हे त्या रजिस्टरला ठाऊक नसते. ती उणीव भरून काढण्यासाठी संगणक प्रणाली आल्या. यंत्र कुठे आहे, कधी बिघडले, कुणी दुरुस्त केले, पुढची तपासणी कधी, सुटे भाग किती शिल्लक, हे सगळे त्यात भरता येते. अशा प्रणाली रेल्वे, वीज कंपन्या, तेलशुद्धीकरण कारखाने येथेही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये रुग्णालयांसाठी यावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढल्या.

पण ज्या संगणकावर यंत्रांचे आयुष्य मोजायचे, त्याचेही आयुष्य संपते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. आयबीएमच्या मॅक्सिमो या मोठ्या देखभाल प्रणालीच्या ७.६.१ या आवृत्तीचा नेहमीचा आधारही त्याच वर्षी सप्टेंबरअखेर संपला. तिची नवी पिढी क्लाउडच्या पद्धतीने बांधलेली आहे. आधार संपला म्हणजे प्रणाली त्या दिवशी बंद पडत नाही. पण नव्या सुरक्षा त्रुटी सापडल्या तर त्या बुजवायला कुणी येत नाही.

स्वतःच्या इमारतीतला सर्व्हर सुरक्षित, अशीही एक समजूत असते. १९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला आणि गाय्ज अँड सेंट थॉमस या रुग्णालय समूहाची स्वतःची दोन्ही डेटा सेंटर उष्णतेने कोलमडली. ३७१ जुन्या प्रणाली बंद पडल्या आणि पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. रुग्णनोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे पुढचे अनेक दिवस हाताने करावी लागली. हिंदमाताचे पाणी पाहिलेल्या मुंबईकराला तळमजल्यावरच्या सर्व्हरचा धोका वेगळा समजवायला नको.

सामान हलवणे आणि घर बदलणे

क्लाउड म्हणजे आकाशात काही नसते. दुसऱ्या कुणाच्या तरी डेटा सेंटरमधले संगणक आपण भाड्याने वापरतो, इतकेच. पण तिथे जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि पुनर्विकासाच्या चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या काळाचौकीकराला ते चटकन कळतील.

पहिला मार्ग म्हणजे जुने सॉफ्टवेअर जसेच्या तसे उचलून भाड्याच्या संगणकावर ठेवणे. खोली बदलली, पण गळका नळ आणि तुटके कपाट सोबत आले. दुसरा मार्ग म्हणजे क्लाउडसाठीच नव्याने बांधलेली प्रणाली. तिचे छोटे छोटे स्वतंत्र भाग असतात. सुट्या भागांच्या साठ्याचा विभाग अडला म्हणून तक्रार नोंदवण्याचा विभाग सहसा अडत नाही. वॉर्डातली परिचारिका मोबाइलवरून यंत्रावरचा क्यूआर कोड टिपून तक्रार करू शकते आणि ती इंजिनिअरला लगेच दिसते. सुधारणा हळूहळू येत राहतात, सगळे बंद ठेवून मोठा बदल करावा लागत नाही.

मात्र दोन्ही घरांच्या मध्ये संक्रमण शिबिर असते आणि सामान हरवते ते तिथेच.

काय हरवते?

समजा, एका रुग्णालयाच्या जुन्या प्रणालीत एकच पंप तीन नावांनी आहे. ‘इन्फ्युजन पंप’, ‘सिरिंज पंप, वॉर्ड ७’ आणि ‘पंप (जुना)’. जसेच्या तसे स्थलांतर केले तर नव्या प्रणालीत तीन पंप दिसतील. त्यातल्या दोघांची तपासणी कायम ‘थकीत’ राहील. रोज खोटे इशारे येऊ लागले की कर्मचारी खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतात.

दुसरी अडचण तारखेची. जुन्या प्रणालीतली ०५/०४ ही तारीख म्हणजे आपली ५ एप्रिल. नव्या प्रणालीने ती अमेरिकी पद्धतीने वाचली तर ४ मे होते. तपासणी महिनाभर पुढे गेली आणि कुणाच्या लक्षातही आले नाही.

तिसरी अडचण खास आपली. युनिकोड रुळण्याआधी मराठी नोंदी श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरमधल्या निरनिराळ्या फॉन्टांत टाइप होत. तो फॉन्ट नसलेल्या नव्या प्रणालीत ती अक्षरे उघडली की समोर येते ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मजकूर असतो, पण वाचता येत नाही. तो रूपांतर करून, नमुना म्हणून डोळ्यांनी तपासूनच पुढे न्यावा लागतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र ‘शेरा’ या रकान्यात होते. अनुभवी तंत्रज्ञाने तिथे लिहिलेले असते, ‘बॅटरी चार्ज दाखवते, पण दहा मिनिटांत उतरते’ किंवा ‘अलार्म उशिरा वाजतो, लक्ष ठेवा’. नव्या प्रणालीत त्या रकान्याला जागा नसेल तर तो कापला जातो. यंत्राचा क्रमांक, किंमत, खरेदीची तारीख सगळे पोहोचते, पण त्याच्या स्वभावाची माहिती राहून जाते. गिरणीत ती जॉबरच्या डोक्यात असे आणि जॉबर गेला की तीही जाई. संगणकात आल्यावर तरी ती टिकायला हवी.

घाई नको, वहीही टाकू नका

एका रात्रीत सगळे हलवण्याची किंमत ब्रिटनच्या टीएसबी बँकेने मोजली. एप्रिल २०१८ मध्ये नव्या प्रणालीवर जाताना तिचे सुमारे १९ लाख ग्राहक आपल्या खात्यांबाहेर अडकले. पुढे नियामकांनी बँकेला ४ कोटी ८० लाख पौंडांहून अधिक दंड केला. बँकेत पैसे अडकतात. रुग्णालयात काय अडकेल, ते वेगळे सांगायला नको.

म्हणून पहिले काम संगणकावर नसतेच, ते वॉर्डात असते. यादी हातात घेऊन प्रत्येक यंत्रापर्यंत चालत जायचे. आहे का, चालते का, क्रमांक जुळतो का, हे पाहायचे आणि नसेल तर निर्लेखन करायचे. मग एका विभागापासून सुरुवात करायची. काही आठवडे जुनी आणि नवी प्रणाली सोबत चालवून दोन्हींचे आकडे ताडून पाहायचे. शेरे वाचायला संगणक कंपनीचा माणूस पुरेसा नाही, तिथे रुग्णालयाचा स्वतःचा बायोमेडिकल इंजिनिअर आणि वॉर्डची सिस्टर लागते. आणि जुनी प्रणाली बंद केली तरी तिची वाचता येईल अशी प्रत जपायची.

क्लाउडवर गेलो म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील निवृत्ती निधीचे गुगल क्लाउडवरचे प्रायव्हेट क्लाउड पुरवठादाराच्याच चुकीने पुसले गेले. निधी सावरला, कारण त्याच्या वेगळ्या प्रती शाबूत होत्या. शिवाय इंटरनेट गेले तर तक्रार कुठे नोंदवायची, हे ठरलेले हवे. त्यासाठी वॉर्डात एक छापील फॉर्म आणि पेन असणे हा मागासलेपणा नव्हे. पुरवठादार बदलावा लागला तर आपला सगळा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. आणि एक खबरदारी : ईसीजी, सोनोग्राफीसारख्या यंत्रांच्या आत रुग्णांची नावे आणि अहवाल साठलेले असतात. निर्लेखनाआधी ते पुसले, अशी नोंद याच प्रणालीत हवी.

आपण काय पाहावे?

रुग्णाला किंवा नातेवाइकाला ही प्रणाली दिसत नाही, पण तिची सावली दिसते. यंत्राच्या बाजूला किंवा मागे बहुधा एक छोटा स्टिकर असतो. त्यावर यंत्राचा क्रमांक, मागील तपासणीची तारीख आणि पुढची तारीख लिहिलेली असते. पुढची तारीख उलटून गेली असेल तर सिस्टरना किंवा डॉक्टरांना शांतपणे विचारा, ‘याची तपासणी झाली आहे ना?’ यंत्र वापरायचे की नाही, हा निर्णय त्यांचाच. आपण स्वतः बटणे दाबायची नाहीत आणि उपचार थांबवायचेही नाहीत. पण प्रश्न विचारल्याने एखादी थकलेली तपासणी त्या दिवशी होऊन जाऊ शकते.

आणि ‘मशीन बंद आहे’ असे पुन्हा ऐकले, तर निदान एवढे विचारता येईल : तक्रार कधी नोंदवली आणि तिचा क्रमांक काय? हे उत्तर लगेच मिळाले, तर समजावे की त्या यंत्राचा केसपेपर कुणीतरी नीट ठेवला आहे.