चित्रांचे पुस्तक आणि बालवाडीची परात

कामगार-चळवळीतील माणसाने बालवाडीतील परातीविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचा या विषयाशी संबंध आला तो पाळणाघरामुळे. आम्ही चळवळीत आलो तेव्हा कारखाना कायद्याप्रमाणे तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक होते. त्यासाठी भांडताना खोलीचा, पाळण्यांचा, दुधाचा हिशेब होई. मुलांनी दिवसभर करायचे काय, याचा हिशेब कोणी मांडत नसे. मूल रडले नाही म्हणजे व्यवस्था उत्तम, असा एकंदर समज!

चित्रांचे पुस्तक वाचून दाखवावे आणि त्यात जे खाण्याचे आले असेल ते मुलांच्या हातून करवून घ्यावे, ही कल्पना साधी आहे. गोष्टीला जसा क्रम असतो तसा पाककृतीलाही असतो. आधी काय, मग काय, शेवटी काय, हे मूल पुस्तकाची पाने उलटताना शिकते आणि परातीपुढे बसून पुन्हा शिकते. शिवाय निवडणे, चाळणे, मळणे, कुस्करणे हे शब्द नुसते ऐकून कळत नाहीत. ते बोटांतून कळावे लागतात. आम्ही स्वतः शाळेत फारसे शिकलो नाही. अक्षरे वाचली ती दुकानांच्या पाट्यांवर आणि पोत्यांवरच्या शिक्क्यांवर. वस्तू समोर असली की शब्द पक्का बसतो, हे आम्हांला कोणी पटवून द्यावे लागत नाही.

ही वाट नवीनही नव्हे. मादाम मॉन्टेसोरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब कामकरी वस्तीत निघाले. आईबाप कामावर गेलेल्या मुलांसाठीच ते होते, आणि तेथे चार-चार वर्षांची मुले सूप वाढण्याचे काम स्वतः करीत. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत, म्हणून शंख-शिंपल्या, बिया, पाने यांचीच साधने झाली. स्वयंपाकघरातील चाळणी आणि वाटी त्याच कुळातली.

आता उदाहरणे घेऊ. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. ती सांगण्यापूर्वी एक अख्खा लाल भोपळा मुलांपुढे ठेवावा. त्यांना तो उचलू द्यावा, बडवू द्यावा, घरंगळवू द्यावा. यात म्हातारी मावेल काय, हा वाद आपोआप सुरू होतो आणि तो मिटवण्याची घाई करू नये. मग पुस्तक उघडावे. चिरण्याचे व किसण्याचे काम मोठ्यांचे. आतला गर चाचपून बिया काढण्याचे काम मुलांचे. बिया मोजल्या की अंकगणित झाले. किसात गूळ घालून शिजवावे, निवू द्यावे आणि त्यात मावेल तेवढी कणीक मुलांनीच मिसळावी. ‘मावेल तेवढी’ हे माप पुस्तकात कळत नाही, हातालाच कळते. घारगे थापावेत मुलांनी. तळावेत मोठ्यांनी, कढई मुलांपासून दूर ठेवून.

चूल नसेल तर एरिक कार्ल यांचे १९६९ सालचे भुकेल्या सुरवंटाचे पुस्तक घ्यावे. सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असा शुक्रवारी पाचांपर्यंत जातो. सफरचंद, पेअर, स्ट्रॉबेरी यांचा खर्च करू नये. केळे, चिकू, पपई यांनीही तोच आठवडा पुरा होतो. तीन वर्षांच्या मुलालाही केळे कुस्करता येते.

आमचे सर्वांत आवडते पुस्तक मात्र दगडाच्या सूपचे, मार्शिया ब्राउन यांचे, १९४७ सालचे. तीन भुकेले सैनिक गावात येतात. गावकरी धान्य लपवतात. सैनिक पाण्यात दगड उकळू लागतात, आणि कुतूहलापोटी एकेक जण गाजर, कोबी घेऊन येतो. सैनिकांनी गावाला बनवले, असे कोणी म्हणतात. आम्हांला त्यात वर्गणी दिसते! हे कढण पाळणाघरात करताना प्रत्येक मुलाने घरून एकेक जिन्नस आणावा: कोणी बटाटा, कोणी मूठभर डाळ. ज्याच्या घरून काही येण्याजोगे नसेल, त्याच्याकडे दगड आणण्याचे काम आधीच द्यावे. त्याच्या दगडावाचून कढण सुरूच होत नाही. दगड गुळगुळीत व अखंड असावा, घासून धुवावा आणि वाढण्यापूर्वी आठवणीने काढावा.

येथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. उपाशी मुलाला लाडवांची चित्रे दाखवून पुस्तक मिटणे हा छळ आहे. प्रत्येकाच्या वाटीत पुरेसे पडेल एवढे शिजणार नसेल, तर त्या दिवशी खाण्याचे पुस्तक काढू नये. लाल कोंबडीच्या गोष्टीत काम न करणाऱ्यांना भाकरी मिळत नाही. हे तत्त्व सभेत टाळ्या घेते, तीन वर्षांच्या मुलाच्या ताटात ते चालवू नये. तसेच परात मुलींपुढे आणि पुस्तक मुलग्यांपुढे सरकू लागते, तिकडे बाईंनी लक्ष ठेवावे. हात धुणे, अख्खे शेंगदाणे लहानांना न देणे, कोणाला काय सोसत नाही ते आईला विचारणे, हे तर आलेच.

पुस्तकच नसेल तर? मग क्रम उलटा करावा. हे कैऱ्यांचे दिवस आहेत. पन्हे करावे: मोठ्यांनी उकडून निववलेल्या कैरीची साल मुलांनी काढावी, गर कुस्करावा, गूळ, मीठ, वेलची घालावी, पाणी ओतावे. पिऊन झाल्यावर पाठकोऱ्या कागदांवर एकेका पायरीचे चित्र मुलांनी काढावे, खाली त्यांच्याच तोंडचा शब्द बाईंनी लिहावा आणि कागद दोऱ्याने शिवावेत. ही वही आळीपाळीने एकेका घरी जाऊ द्यावी. आमच्या कित्येक भगिनींना अक्षरओळख नाही. परंतु हे पुस्तक त्या मुलाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतात, कारण पन्हे त्यांना पाठ आहे.