पांढऱ्या सापाचे किती येतील?

(या आठवड्याच्या भागाचं हे लेखी रूप. एसटीत बसलाय, इअरफोन घरी राहिलेत, रेंजही नाही, अशा सगळ्यांसाठी.)

आपल्या बीडकडं नाग, घोणस, मण्यार, फुरसं ही नावं पोरासोरांना पाठ असतात. उसात, कडब्याच्या गंजीत कधी ना कधी गाठ पडतेच. पण तोच साप पांढराफटक निघाला तर? काठी बाजूला राहते अन् मोबाईल बाहेर येतो. कुणी म्हणतं, "देवाचा आहे." अन् एखादा हळूच विचारतो, "याचे किती येतील?" आजचा भाग या दुसऱ्या प्रश्नावर.

पांढरा रंग येतो कुठून?

कातडीचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिनमुळे येतो. ते तयार करणाऱ्या जनुकात बिघाड झाला, की पिल्लू पांढरं-पिवळसर, लालसर डोळ्यांचं जन्मतं. त्याला अल्बिनो म्हणतात. ही वेगळी जात नाही. अल्बिनो नागाचं विष नागाचंच, तितकंच जहाल. उलट हा रंग त्याला महागात पडतो. काळ्या मातीवर तो लांबूनच उठून दिसतो, घारीला अन् मुंगसाला आयता सापडतो. म्हणून जंगलात असे साप मोठे झालेले क्वचितच दिसतात.

मग बाजारात इतके कसे?

कारण माणूस ते मुद्दाम जन्माला घालतो. आफ्रिकेतला बॉल पायथन अन् लेपर्ड गेको ही पाल, या दोघांचे शेकडो रंग परदेशात तयार झालेत. त्यांना 'मॉर्फ' म्हणतात. इन्स्टावर दिसणारे लिंबासारखे पिवळे, दुधासारखे पांढरे प्राणी ते हेच.

गणित समजून घ्या. अल्बिनो गुण दबलेला असतो. तो आई अन् बाप दोघांकडून आला, तरच अंगावर दिसतो. अल्बिनो नर अन् हा गुण नसलेली साधी मादी यांची सगळी पिल्लं दिसायला साधी, पण गुण पोटात घेऊन फिरणारी. अशा दोघांची जोडी लावली, तर सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो. म्हणून घाई असलेला माणूस सरळ बापाशी लेकीची जोडी लावतो. आपल्याकडं गायी-म्हशींचा जाणता माणूस असं टाळतो, कारण जवळच्या रक्तात दोष साठत जातात, हे त्यानं गोठ्यात बघितलेलं असतं.

रंगासोबत दुखणं

बॉल पायथनचा 'स्पायडर' मॉर्फ बघा. जाळीसारखी नक्षी, एकदम देखणा. पण त्याचं डोकं थरथरतं, तोल जातो, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो. आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते. नक्षी अन् दोष एकाच जनुकातून येतात, त्यामुळं एक ठेवून दुसरा काढता येत नाही.

लेपर्ड गेकोचा 'लेमन फ्रॉस्ट' तर आणखी वाईट. चमकदार पिवळा रंग, पण यातल्या ८० टक्क्यांहून जास्त पालींना गाठी होतात. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी याचा धागा एका जनुकापर्यंत नेला. ज्यानं हा रंग वाढवला होता, त्यानं गाठी दिसल्यावर पैदास थांबवली. माझ्या मते खरी परीक्षा इथंच होते: पैसे येत असताना थांबता येतं का?

पाळायचंच म्हटलं तर

बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. त्याला पेटीच्या एका टोकाला ३१-३३ अंश ऊब लागते अन् दुसरं टोक थंड लागतं. हवेत निम्म्याहून जास्त ओलावा लागतो. बीडचा मे महिना, ४० च्या वरचा पारा, कोरडी हवा अन् दुपारी गेलेली लाईट डोळ्यासमोर आणा. तालुक्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर कुठून आणणार? अन् रंग न उतरलेली बाकीची पिल्लं कोण सांभाळणार? बिंदुसरेच्या काठी सोडून देणं हा उपाय नाही. परका प्राणी इथं उपाशी मरेल, नाहीतर इथल्या प्राण्यांना रोग देईल.

कायदाही ऐका. नाग, धामण, मांडूळ असे आपले साप परवानगीशिवाय पकडणं, पाळणं, विकणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे, आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या यादीत असलेले परदेशी प्राणी घरी असतील, तर २०२४ च्या नियमांप्रमाणं त्यांची नोंदणी लागते. पिल्लं झाली तरी कळवावं लागतं.

मांडूळ आठवतंय ना?

'दुतोंड्या' म्हणून, गुप्तधनाच्या नादानं, वजनावर भाव लावून मांडूळ विकणारे पकडले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथं वजनाला भाव, इथं रंगाला. दोन्हीकडं भोगतो मुका जीव.

आपल्याच शिरूर कासार तालुक्यात, तागडगावला, 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जखमी प्राणी बरा करायचा अन् निसर्गात परत सोडायचा, हे तिथलं काम. तिथं प्राणी निघून गेला, की काम फत्ते झालं. त्याचा रंग कुणी विचारत नाही.

तेव्हा पांढरा साप दिसला, तर लांब उभे राहा, हात लावू नका. सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. अन् फोटो टाकलाच, तर ठिकाण टाकू नका. भाव विचारणारे ते ठिकाणच शोधत असतात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!