सीमेवरची नदी आणि यादीत नसलेला वाटेकरी

आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त आहे: आंतरराष्ट्रीय सीमाभागातलं पर्यावरण नियोजन. तो समजून घ्यायला मी एकच नदी घेणार आहे, कोलोराडो. ही अमेरिकेत रॉकी पर्वतात उगम पावते, ग्रँड कॅनियनमधून वाहते आणि शेवटचे शंभरेक मैल मेक्सिकोतून जाऊन कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. 'मिळते' हे नकाशावर. गेली साठेक वर्षं, मधले काही पुराचे काळ सोडले, तर ती समुद्रापर्यंत पोचतच नाही.

असं का झालं? आधी हिशेब बघू. १९२२ च्या करारात अमेरिकेतल्या वरच्या आणि खालच्या खोऱ्याला मिळून दरवर्षी दीड कोटी एकर-फूट पाणी वाटून दिलं. आपल्या भाषेत सुमारे ६५० टीएमसी. पुढे १९४४ च्या तहात मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी मिळालं. आपल्या कोयनेत १०५ टीएमसी मावतं, त्यावरून अंदाज करा. अडचण अशी की १९२२ चा हिशेब ज्या वर्षांच्या नोंदींवर बांधला, ती वर्षं नेहमीपेक्षा जास्त पाण्याची होती. त्यामुळे कागदावर वाटलेलं सगळं पाणी नदीत नव्हतंच. आणि दुसरी गोष्ट, वाटेकऱ्यांच्या यादीत खुद्द नदी नव्हती. तिच्या मुखाकडची पाणथळ जमीन, तिथले पक्षी, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगणारे कुकापा आदिवासी, यांच्यासाठी एक थेंबही राखून ठेवलेला नव्हता.

बरं, तहात पाणी किती ते लिहिलं होतं. कसं ते नीट लिहिलं नव्हतं. १९६१ पासून ॲरिझोनातल्या एका सिंचन क्षेत्राचं खारट निचऱ्याचं पाणी नदीत सोडलं जाऊ लागलं. मेक्सिकालीच्या खोऱ्यातली पिकं करपली. आकडा पूर्ण, पण पाणी शेताला निरुपयोगी! हे भांडण मिटायला १९७३ साल उजाडलं. तेव्हा क्षारांची मर्यादा ठरली.

ती कशी ठरली, हे महत्त्वाचं आहे. तह पुन्हा उघडायचा म्हटलं की दोन्ही देशांचं राजकारण आडवं येतं. पण आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोग नावाची एक संस्था आहे. तिची एक शाखा अमेरिकेची, एक मेक्सिकोची. आयोग जे ठरवतो त्याला 'मिनिट' म्हणतात. घड्याळातलं मिनिट नव्हे. सभेचं इतिवृत्त असतं ना, त्या अर्थाने. दोन्ही सरकारांची मान्यता मिळाली की ते बंधनकारक होतं. मूळ तह तसाच राहतो आणि त्याला नव्या काळाची पुरवणी जोडली जाते. क्षारांचं ते मिनिट क्रमांक २४२.

आता २०१० मध्ये या. ४ एप्रिलला मेक्सिकालीजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. शेकडो किलोमीटर कालवे फुटले, खचले. मेक्सिकोचं हक्काचं पाणी आलं तरी ते शेतात न्यायचं कसं? त्याच वेळी अमेरिकेतलं लेक मीड हे प्रचंड जलाशय तळाला चाललं होतं. मग तोडगा निघाला: मेक्सिकोने आपलं पाणी काही काळ लेक मीडमध्येच ठेवावं. मेक्सिकोचं पाणी वाया जाणार नाही, अमेरिकेची पातळी सावरेल. संकटातून जमलेल्या या व्यवहाराने विश्वास तयार झाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मिनिट ३१९ झालं. त्यात टंचाई आली तर दोघांनी झळ सोसायची असं ठरलं. आणि प्रथमच नदीसाठी पाणी वेगळं काढलं.

२३ मार्च २०१४ ला सीमेवरच्या मोरेलोस धरणाचे दरवाजे उघडले. आठ आठवड्यांत सुमारे १३ कोटी घनमीटर पाणी सोडलं, म्हणजे आपली दोन खडकवासला धरणं भरून वर थोडं उरेल इतकं. सान लुईस रिओ कोलोराडो या गावाच्या नावातच नदी, पण पात्रात नुसती वाळू. तिथे पाणी आलं तेव्हा अख्खं गाव पात्रात उतरलं. नदी कधीच न बघितलेली पोरं पाण्यात खेळली. मे महिन्यात ते पाणी समुद्राच्या भरतीला जाऊन भिडलं.

पण टाळ्या वाजवून थांबायचं नाही. मोजमाप काय सांगतं? बहुतेक पाणी वरच्या कोरड्या पट्ट्यातच मुरलं. त्या वर्षी हिरवळ वाढली, पुढे ओसरली. टिकली कुठे? जिथे आधी जमीन तयार करून विलो, कॉटनवुडची झाडं लावली होती तिथे. म्हणून २०१७ च्या मिनिट ३२३ मध्ये धोरण बदललं. दोन्ही सरकारं आणि स्वयंसेवी संस्था यांनी नदीच्या पाण्याचा एकेक तृतीयांश भार उचलायचा ठरलं. २०२१ मध्ये ते पाणी शेतीच्याच कालव्यांतून फिरवून थेट त्या त्या जागी पोचवलं.

यातून आपण काय घ्यायचं? सीमेवरच्या नियोजनात सद्‌भावना लागतेच, पण ती पुरत नाही. रोजचं बोलणं चालू ठेवणारी कायमची संस्था हवी. करार न मोडता दुरुस्त करता यायला हवा. दोघांनी मिळून मोजलं पाहिजे, म्हणजे चूक झाली तर ती मान्य करता येते. आणि नदीचा वाटा आकड्यात लिहिलेला हवा. तो लिहिला नाही, तर टंचाईत पहिली कात्री तिलाच लागते.

मिनिट ३२३ ची मुदत २०२६ अखेरपर्यंतची आहे. खोऱ्यातलं पाणी आणखी घटलंय. तेव्हा खरी परीक्षा पुढेच आहे: पाणी भरपूर असताना कुणीही उदार होतं, कमी असताना नदीचा वाटा यादीत राहतो का, ते बघायचं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.