बेकायदा स्थलांतरित मोजतात कसे?

● लोणी काळभोरमधल्या भाडेकरूच्या दारी आलेला जनगणनेचा प्रगणक जन्मठिकाण आणि आधीचं वास्तव्य विचारतो. व्हिसा तपासत नाही.

● २००१च्या जनगणनेत सुमारे ३१ लाख लोकांचं आधीचं वास्तव्य बांगलादेशात होतं. त्यांत जुने निर्वासितही आले.

● बेकायदा बांगलादेशींचा सरकारनं राज्यसभेत दिलेला आकडा : २००४मध्ये १.२ कोटी, २०१६मध्ये २ कोटी.

● अमेरिकेत वजाबाकी करतात : परदेशात जन्मलेल्या एकूण रहिवाशांतून कायदेशीर वजा, मग मोजणीतून निसटलेल्यांची भर.

● तरी तिथल्या अनधिकृत भारतीयांचा अंदाज ‘प्यू रिसर्च सेंटर’ या संशोधन संस्थेच्या मते ७.२५ लाख (२०२१), अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्या मते २.२ लाख (२०२२).

● अटकेच्या आकड्यांवरून पोलिसी कारवाईचा जोर कळतो, एकूण संख्या नव्हे.