बिनसमुद्राचा किनारा

बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. बालाघाटाच्या डोंगररांगा, मुरमाड माळ आणि पावसाकडे डोळे लावून बसलेलीं शेतें, असेंच या जिल्ह्याचें चित्र बहुतेकांच्या मनांत असतें. तथापि जेथें पाणी व जमीन एकमेकांस भेटतात तेथें किनारा असतो, आणि त्या अर्थानें बीडला किनारा पुष्कळ लाभला आहे. उत्तर सीमेवर गोदावरी वाहते. सिंदफणेवर माजलगांवचें धरण आहे, मांजरेवर केज तालुक्यांत धनेगांवचें आहे, आणि बीड शहराजवळ पालीचा बिंदुसरा तलाव आहे. पैठणचा नाथसागर जिल्ह्याबाहेरचा खरा. परंतु त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी माजलगांवच्या जलाशयाला मिळतें, तेव्हां तोही शेजारीच म्हणावयाचा.

शनिवार-रविवारची सुटी असलेल्या एखाद्या दांपत्याला या कांठांवर वर्षभर पुरेल एवढें पाहण्यासारखें आहे. पहाटे निघावें, शिदोरी बरोबर घ्यावी, एक दुर्बीण व एक वही असावी. एकानें मोजावें व दुसऱ्यानें टिपावें. हें काम दोघांचेंच आहे. कारण थव्यावरून नजर एकदां हलली, कीं मोजणी पुन्हां पहिल्यापासून करावी लागते.

समुद्राला भरती-ओहोटी रोज होते. जलाशयाला ती वर्षांतून एकदांच होते. श्रावण-भाद्रपदांत नद्यांना पूर आले म्हणजे पाणी चढतें. पुढें रब्बीच्या पिकांसाठीं व गांवांसाठीं पाणी सुटूं लागतें, उन्हानें त्याची वाफ होते, आणि तें हळूहळू मागें सरतें. सरतांना तें ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा करीत जातें. या चिखलांत किडे, अळ्या, गोगलगायी आणि पाणवनस्पतींचें बीं असतें. जलाशयाचा मध्य कितीही भव्य दिसो, बहुतेक पक्ष्यांचें ताट वाढलेलें असतें तें या उथळ कडेला.

या पंक्तींत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. आंखूड पायांचे तुतवार ओल्या चिखलावर धांवतात. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या वीतभर पाण्यांत चरतो. राखी बगळा त्याहून खोल पाण्यांत निश्चल उभा राहून मासा टिपतो, आणि पाणकावळा पार तळाकडे बुडी मारतो. पायांची व चोचींची लांबी निरनिराळी असल्यामुळें एकाच कांठावर अनेकांचा निर्वाह फारशा कलहावांचून होतो.

हिवाळ्यांत पाहुणे येतात. लडाख, तिबेट व मध्य आशियांतील सरोवरें गोठतात. त्या मानानें मराठवाड्याचा हिवाळा उबदार. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून इकडे उतरतो. नाथसागराच्या धरणाची पायाभरणी १९६५ सालीं झाली, उद्घाटन १९७६ सालीं झालें आणि १९८६ सालीं तेथें पक्षी अभयारण्य जाहीर झालें. तेथील रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्यास लोक दुरून येतात. याच पाहुण्यांत नारिंगी रंगाचा चक्रवाक असतो. चक्रवाकाच्या जोडप्याची रात्रीं ताटातूट होते व तीं दोघें एकमेकांस आर्त हांका मारतात, असें संस्कृत कवींनीं वर्णिलें आहे. निरीक्षण सांगतें तें असें, कीं हे पक्षी बहुधा जोडीनें राहतात, रात्रीं चरतात आणि चरतांना साद घालतात. कवींनीं ऐकलेला आवाज खराच होता. विरह तेवढा पदरचा.

किनाऱ्याची खरी परीक्षा उन्हाळ्यांत होते. चैत्र-वैशाखांत पाणी ओसरून बेटें वर येतात, आणि नदी-सुरय व टिटवी हे पक्षी तेथें उघड्या जमिनीवर अंडीं घालतात. घरटें म्हणजे केवळ एक उथळ खळगा. अंडीं मातीच्या रंगाचीं व ठिपकेदार असल्यामुळें शत्रूला सहसा दिसत नाहींत. पण तीं माणसालाही दिसत नाहींत. गाडी थेट पाण्यापर्यंत नेणारा मनुष्य आपल्या चाकाखालीं काय आलें हें न जाणतांच परत जातो. शिवाय भर दुपारीं या अंड्यांना उबेची नव्हे, सावलीची गरज असते. आईबाप पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून अंड्यांवर बसतात. माणसाच्या चाहुलीनें ते उठले, तर थोड्याच वेळांत कडक उन्हानें आंतील जीव नष्ट होऊं शकतो.

म्हणून दुर्बीण ही जवळून पाहण्याची तशीच दूर राहण्याचीही सोय आहे. पक्ष्यांनीं चरणें सोडून माना वर केल्या, कीं अंतर फार कमी झालें असें समजावें. टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडूं लागली, तर अंडीं किंवा पिलें पायांशींच असतील असें मानून आल्या वाटेनें परतावें. वाहन रस्त्यावर व कुत्रा घरीं ठेवावा.

या कांठावर माणसाचाही हक्क आहे. ओसरलेल्या पाण्यामागच्या गाळांत गाळपेर होते, आणि मासेमारीवर अनेक कुटुंबें जगतात. धरणासाठीं ज्यांच्या जमिनी पाण्याखालीं गेल्या त्यांना सुटीच्या पाहुण्यांनीं उपदेश करणें शोभत नाहीं. उलट, घरटीं कोठें आहेत हें मच्छीमाराला अधिक ठाऊक असतें. त्याला विचारूनच पाऊल टाकावें.

वार्षिक भरतीचाही नेम नसतो. २०१६ च्या दुष्काळांत धनेगांवचा जलाशय आटला आणि लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं कांठावरच्या पक्ष्यांचें काय होतें, हें समजण्यास आधींच्या व नंतरच्या वर्षांची मोजणी हातीं असावी लागते. आशिया खंडांत १९८७ पासून दर जानेवारींत पाणपक्ष्यांची गणना होते व तींत हौशी माणसेंही भाग घेतात. बीडच्या दांपत्यानें बिंदुसरेच्या एकाच कोपऱ्यावर दर महिन्याच्या एका रविवारीं जाऊन दहा वर्षें वही भरली, तर तिचा उपयोग त्या दोघांच्या आनंदापुरता राहणार नाहीं. तलावांत पाणी किती हें सरकारी मोजपट्टी दाखविते. त्याची कड जिवंत आहे कीं नाहीं, हें त्या वहीवरून कळेल.