स्कॉटिश विशेषनामे : लेखन आणि उच्चार

‘मिंगिस’ हे स्कॉटिश आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये ‘झेड’ येतो. परंपरागत उच्चारात मात्र ‘झ’ नसतो. एअरशायरमधील ‘कलेन’ या किल्ल्याच्या नावातही हीच विसंगती आढळते. हा ‘झेड’ मुळात ‘योख’ नावाचे मध्ययुगीन अक्षर होय. त्याचा खिळा नसल्यास मुद्रक दिसण्यात जवळचा ‘झेड’ योजत. काही नावांत जुना ध्वनी टिकला. ‘मॅकेन्झी’त मात्र अक्षराने ध्वनीवर मात केली आणि जुना ‘मकिंगी’ हा उच्चार मागे पडला. भारताचे पहिले महासर्वेक्षक (१८१५) कॉलिन मॅकेन्झी यांचे नाव म्हणूनच ‘झ’ने लिहिणे योग्य. तात्पर्य, देवनागरी लिप्यंतरात नामधारकाचा रूढ उच्चार प्रमाण मानावा. अन्यथा मुद्रकाची तडजोडच ध्वनी म्हणून नोंदली जाते.